दहापट भिंग आणि धारवाडचा पाया : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू साधी आहे. १८ मिलिमीटर व्यासाचे, तीन काचा जोडलेले, दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग. सोबतीला दीड किलोची हातोडी, डोळ्यांना संरक्षक चष्मा, दोरीला बांधलेले छोटे लोहचुंबक, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली आणि फरशीचा तुकडा (मागची खरखरीत बाजू कामाची). ऑक्टोबर ते मे हा संच सतत वापरात होता : गोवा, सिंधुदुर्ग आणि पुढे कर्नाटकात चित्रदुर्ग, हासन, रामनगरपर्यंत. म्हणजे धारवाड क्रॅटॉनच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. क्रॅटॉन म्हणजे खंडाचा जुना, घट्ट गाभा. इथल्या सर्वांत जुन्या खडकांचे वय ३३०-३४० कोटी वर्षे आहे आणि गेली सुमारे २५० कोटी वर्षे तो गाभा फारसा हललेला नाही. एवढ्या जुन्या खडकाची गोष्ट खिशातल्या भिंगाने कळते का, हे पाहायचे होते. बरीचशी कळते. मात्र दोन फेल्स्पार (ग्रॅनाइटसारख्या खडकांतली फिकट रंगाची खनिजे) वेगळे ओळखण्याइतका हात बसवावा लागतो, आणि सगळा जोर त्यावरच द्यावा लागतो.

आधी खरेदीबद्दल. बाजारात ‘३० पट’ असे कोरलेली स्वस्त भिंगे मिळतात आणि नवशिके त्यांनाच भुलतात. तपासणी सोपी आहे. मिलिमीटरची पट्टी भिंगाखाली धरा, रेषा स्वच्छ दिसेल तिथे थांबा आणि काचेपासून पट्टीपर्यंतचे अंतर मोजा. २५० ला त्या मिलिमीटरने भागले की पट निघते. खऱ्या दहापट भिंगात हे अंतर २५ मिलिमीटरच्या आसपास येते. ३० पट असते तर ते जेमतेम ८ मिलिमीटर भरले असते, आणि एवढ्या जवळ २० मिलिमीटर रुंद काच कडेपर्यंत स्वच्छ चित्र देऊच शकत नाही. ‘३० पट’ कोरलेले असे भिंग मोजून पाहिले तर बहुतेक वेळा दहाच्या आसपासच भरते. खऱ्या वीसपट भिंगालाही खडकाच्या इतके जवळ न्यावे लागते की डोक्याची सावली पडते आणि उजेडच उरत नाही. जाड कणीच्या ग्रॅनाइट-नाइससाठी (नाइस म्हणजे दाब-उष्णतेने बदललेला पट्टेदार खडक) दहापटच घ्या. तीन काचांचे घेतले की कडेला रंगीत झालर दिसत नाही. दोन शुभ्र कणांची तुलना करताना ही झालर फार नडते.

धरण्याची पद्धत अशी : भिंग डोळ्याला चिकटवायचे, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि खडक भिंगाकडे आणायचा, भिंग खडकाकडे नाही. ऊन दगडावर पडेल असे उभे राहायचे आणि दगड मनगटातून हळूहळू फिरवायचा. फेल्स्पारची सपाट पाटी उन्हात आली की आरशासारखी चमकते. चमकली रे चमकली की तिथेच थांबायचे. गारेला म्हणजे क्वार्ट्झला पाटी नसते, ती काचेसारखी ओबडधोबड फुटते आणि राखाडी, तेलकट दिसते. इथपर्यंत एका आठवड्यात जमते.

पुढचे काम अवघड आहे आणि खरे मोल त्याचेच आहे. चमकलेल्या पाटीवर केसाहून बारीक, एकमेकींना समांतर, आखणीच्या वहीसारख्या रेषा दिसल्या तर तो प्लॅजिओक्लेज, म्हणजे सोडियम-कॅल्शियमचा फेल्स्पार. रेषा नाहीत, किंवा पाटीचा अर्धा भाग चमकतो आणि अर्धा मंद राहतो, तर पोटॅश, म्हणजे पोटॅशियमच्या, फेल्स्पारची शक्यता जास्त. नियम एकतर्फी आहे, तो नीट लक्षात ठेवावा : रेषा दिसल्या तर प्लॅजिओक्लेज नक्की, रेषा नाही दिसल्या तर काहीच नक्की नाही. नाइस दाबाखाली पुन्हा स्फटिकलेला असतो, त्यात रेषा पुसल्या जातात. त्यामुळे एका कणावरून निकाल देऊ नये, निदान दहा-पंधरा कण पाहावेत. पोटॅश फेल्स्पारमध्ये कधी कधी पांढरे धागे दिसतात. ते वेडेवाकडे, तुटक असतात. त्यांना रेषा समजण्याची चूक सगळ्यांकडून होते.

रंगावर भरवसा ठेवणे ही सर्वांत महागडी चूक. ‘गुलाबी म्हणजे पोटॅश’ हे गणित ताज्या दगडावर बऱ्यापैकी चालते, पण आपल्याकडचा पाऊस दगडात गंज उतरवतो आणि साधा पांढरा प्लॅजिओक्लेजही गुलाबी-तांबूस होतो. दक्षिण कोकणात तर वरचे कित्येक मीटर जांभाच असतो आणि त्याखालच्या फेल्स्पारची शाडू झालेली असते. तिथे भिंग काहीही सांगू शकत नाही. खाणीची ताजी कापणी किंवा नदीपात्रातला घासलेला कातळ शोधावा.

एवढा खटाटोप दोन कणांसाठी का? कारण क्रॅटॉन कसा तयार झाला, हे याच दोन कणांच्या प्रमाणात लिहिलेले आहे. अनमोड घाटातला राखाडी नाइस सुमारे ३४० कोटी वर्षांचा मानतात. त्यात गार आहे, भरपूर रेषावाला प्लॅजिओक्लेज आहे, थोडे काळे अभ्रक आहे आणि पोटॅश फेल्स्पार जवळजवळ नाही. अशा खडकांना टोनालाइट, ट्रॉन्जेमाइट आणि ग्रॅनोडायोराइट म्हणतात. एकूण फेल्स्पारमध्ये पोटॅशवाला १० टक्क्यांच्या आत असेल तर टोनालाइट, १० ते ३५ असेल तर ग्रॅनोडायोराइट, त्यापुढे ग्रॅनाइट. टोनालाइटमध्ये काळी खनिजे १० टक्क्यांहून कमी असतील तर तो ट्रॉन्जेमाइट. हे खडक थेट प्रावरणातून वितळून येत नाहीत. आधी बेसॉल्टचे जाड कवच तयार होते, त्यात पाणी मुरते, मग ते कवच ३०-५० किलोमीटर किंवा त्याहून खोल जाऊन अर्धवट वितळते. वितळलेला हलका, सोडियमयुक्त रस वर चढतो आणि खाली गार्नेट व हॉर्नब्लेंडचा जड चोथा उरतो. राखाडी नाइसमध्ये यटर्बियमसारखी जड विरल मृदा मूलद्रव्ये फार कमी सापडतात, कारण ती त्या चोथ्यातल्या गार्नेटने धरून ठेवलेली असतात. हा पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. भिंगाने दिसतो तो त्याच घडामोडीचा बाहेरचा चेहरा, म्हणजे पोटॅशचा अभाव.

अनमोड घाट अभयारण्यातून जातो, तिथे हातोडी बाहेर काढायचीच नाही. जे उघडे आहे ते भिंगाने पाहायचे. बेंगळुरूच्या लालबागेतला नाइसचा डोंगर आणि चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या मरडीहळ्ळीचा उशीलाव्हा (पाण्यात थंड होऊन उशांच्या आकाराचा झालेला लाव्हा) ही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके आहेत, तिथेही हाच नियम. एक ठोसा पुरेसा असतो आणि तो व्रण कायमचा राहतो.

प्रमाण मोजताना ‘अंदाजे अर्धे-अर्धे’ असे लिहू नका. कापलेल्या सपाट पृष्ठावर मोजपट्टी ठेवा, कणाच्या आकाराहून जरा मोठ्या अंतरावर १०० ठिपके घ्या आणि प्रत्येक ठिपक्याखाली कोणते खनिज आहे ते टिपा. वीस मिनिटांचे काम आहे. १०० ठिपक्यांत २० टक्के आले तर खरा आकडा साधारण १२ ते २८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. टोनालाइट आणि ग्रॅनाइट यांत फरक करायला एवढे पुरते. टोनालाइट आणि ग्रॅनोडायोराइटच्या सीमेवर वाद घालायला पुरत नाही.

आता रामनगरला या. क्लोजपेट ग्रॅनाइट, वय सुमारे २५२ कोटी वर्षे, उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर लांब पट्टा. यात पोटॅश फेल्स्पारचे दोन-दोन सेंटिमीटरचे गुलाबी ठोकळे आहेत, भिंगाशिवायही दिसतात. अनमोड ते रामनगर हा फरक नुसत्या रंगाचा नाही. पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम ही उष्णता निर्माण करणारी मूलद्रव्ये अशा ग्रॅनाइटांबरोबर खालून निघून वरच्या कवचात आली. वर आलेली उष्णता जमिनीतून निघून जाते. खालचे कवच कोरडे, उष्णतेचा स्रोत गमावलेले आणि म्हणून थंड व ताठ झाले. क्रॅटॉन ‘घट्ट झाला’ म्हणजे काय, याचे आम्हाला सर्वांत पटणारे उत्तर हेच. आणि ते हातात धरून दाखवता येते : दोन तुकडे, दोन फेल्स्पार.

धारवाडची आणखी एक सोय आहे. हा क्रॅटॉन दक्षिणेला वर उचललेला आहे. उत्तरेला कमी तापलेले हिरवट शिस्ट (पापुद्र्यांचे खडक), मध्ये काळे अॅम्फिबोलाइट आणि दक्षिणेला ग्रॅन्युलाइट, म्हणजे एकेकाळचे खोल कवच. दक्षिणेकडे जाताना आपण कवचात खोल उतरत असतो. भिंगाखाली हिरवे क्लोराइट जाऊन काळे हॉर्नब्लेंड येते आणि शेवटी तेलकट हिरवट-तपकिरी चार्नोकाइट हा ग्रॅन्युलाइटचा प्रकार. असा आडवा पडलेला छेद जगात फार थोड्या ठिकाणी उघडा मिळतो.

घनतेसाठी भिंग नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हवा. दोनशे ग्रॅमचा ताजा तुकडा आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात लोंबकळता ठेवा, तळाला वा काठाला टेकू देऊ नका. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे तुकड्याचे घनफळ. कोरडे वजन भागिले हा आकडा, ही घनता. राखाडी नाइस २.६५ ते २.७ भरतो, काळा अॅम्फिबोलाइट ३ च्या आसपास. तुकडा आधी तासभर भिजवला नाही तर बुडबुडे चिकटून घनता कमी दिसते. या तीन दशांशांच्या फरकाला मोठा अर्थ आहे. गरम, मऊ कवचावर जड लाव्ह्याचे थर साचले की ते खाली बुडतात आणि हलका नाइस घुमटासारखा वर येतो. होळेनरसीपूर भागात घुमट आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या ग्रीनस्टोन (जुन्या लाव्ह्याच्या हिरवट खडकांच्या) पट्ट्या अशीच रचना आहे. खनिजांच्या रेघा तिथे तीव्र उताराने खाली जातात. आजच्यासारखी सरकणारी भूपट्टे तेव्हा होती का, यावर अजून वाद आहे. पश्चिम धारवाडमध्ये तरी वरखाली होणाऱ्या हालचालीचा पुरावा आम्हाला जास्त ठळक वाटतो.

मरडीहळ्ळीला लाव्ह्याच्या उशा पाहताना भिंग खिशात ठेवून दोन पावले मागे सरा. फुगीर बाजू वर, टोकदार शेपूट खालच्या दोन उशांच्या फटीत. यावरून थर उलटा झाला आहे की सुलटा ते कळते. भिंगाचे काम उशीच्या कडेला, पाण्यात झटकन थंड झालेल्या बारीक कणीच्या सालीवर.

लोहखडकांत मात्र खडकच होकायंत्राला दगा देतो. डिचोली, सावर्डे, रेडी इथल्या पट्टेदार लोहखडकात हेमटाइट आणि मॅग्नेटाइट ही दोन्ही लोहखनिजे असतात. फरशीच्या मागच्या बाजूवर घासले की हेमटाइटची रेघ तांबडी, मॅग्नेटाइटची काळी, आणि दोरीचे चुंबक मॅग्नेटाइटकडे झुकते. हेच मॅग्नेटाइट होकायंत्राची सुई फिरवते, मोबाइलमधलीही. थर कोणत्या दिशेला जातो ते इथे तपासल्याशिवाय सुईवरून मोजू नये. तपासायला अ ठिकाणाहून ब कडे आणि ब वरून अ कडे दिशा घ्या. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक हवा. दोन-तीन अंशांहून जास्त चूक निघाली तर ते वाचन रद्द. चुंबक आणि होकायंत्र एकाच खिशात ठेवणे ही तर वारंवार होणारी चूक.

घरात बसून सराव करायचा असेल तर ओट्याचा काळा ‘ग्रॅनाइट’ घ्या. तो बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट असतो : भिंगाखाली राखाडी प्लॅजिओक्लेजच्या काड्या आणि त्यांच्यामध्ये काळा पायरॉक्सिन, गार जवळजवळ नाही. असा दगड डाइकांमधून काढतात. डाइक म्हणजे कडक झालेल्या कवचाला उभी भेग पडून तिच्यात भरलेला आणि थिजलेला शिलारस. बेंगळुरूभोवतीचे मोठे पूर्व-पश्चिम डाइक सुमारे २३७ कोटी वर्षांचे आहेत, म्हणजे तोवर धारवाड सरळ रेषेत शेकडो किलोमीटर तडकण्याइतका ताठ झाला होता. मऊ कवचाला अशी भेग पडत नाही.

भिंगाच्या आवाक्याबाहेरचे काय? खडकाचे वय. ते झिरकॉन या खनिजातल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून निघते, आणि झिरकॉन बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढाच असतो. तसेच क्रॅटॉनखालचे मूळ, दीडशे-दोनशे किलोमीटर जाडीचे, वितळलेला रस निघून गेल्यामुळे थंड असूनही हलके राहिलेले प्रावरण. त्याचे तुकडे अनंतपूरजवळच्या वज्रकरूरच्या किंबरलाइटांनी (फार खोलून वर आलेल्या ज्वालामुखी खडकांनी) वर आणले आहेत. उत्तर चीनच्या क्रॅटॉनचे असे मूळ नंतर झिजून गेले, त्यामुळे जुना म्हणजे कायमचा टिकाऊ असे धरून चालू नये.

देखभाल : मेनंतर कोकणात काचेवर बुरशी येते. सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट डब्यात ठेवा. काच पुसण्याआधी फुंकर मारा, नाही तर गारेची धूळ फडक्याखाली ओरखडे पाडते. घडीचा स्क्रू तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सैल होतो, नखाने आवळून चालत नाही, छोटा पेचकस ठेवा. आणि दीड किलोची हातोडी नाइसच्या कोपऱ्यावर मारा, सपाट पोटावर मारली तर ती उसळते आणि कपच्या डोळ्याकडे येतात.

महाराष्ट्रातल्यांनी कुठे जावे? राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टखाली आहे. कोयनेला पाया सुमारे ९३३ मीटरवर लागला, किल्लारीला सुमारे ३३८ मीटरवर. तिथे गाभ्याचा खडक फक्त विंधन नमुन्यांत भेटतो. उघडा पाया पाहायचा तर दक्षिण सिंधुदुर्ग, नाही तर थेट गोंदिया-भंडारा. तिथला आमगाव नाइस बस्तर क्रॅटॉनचा, धारवाडचा नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी नऊच्या आत निघा. तिरप्या उन्हातच पाटीवरच्या रेषा दिसतात, बाराच्या उन्हात दगड नुसता पांढरा दिसतो.