फुकटचा फॉर्म विकत: मालदीव आणि बालीच्या कस्टम्सआधी होणारी लूट

मालदीव किंवा बालीला निघालेल्या प्रवाशाला कस्टम्सच्या नावाखाली लुबाडलं जातं, पण ते सहसा विमानतळावर नाही. घरीच, निघायच्या आठ-दहा दिवस आधी, रात्री फोन चाळताना. तिकिटं झाली, हॉटेल झालं, आता तेवढा तो देशात शिरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म राहिलाय. बेटाचं नाव आणि ‘अरायव्हल कार्ड’ टाइप केलं की सगळ्यात वर जे दिसतं ती बहुधा जाहिरात असते. साइट देखणी, वर त्या देशाचा झेंडा, खाली विमानाचं चित्र. पासपोर्टचा फोटो मागतात, उड्डाणाचा क्रमांक मागतात, हॉटेलचं नाव मागतात, आणि शेवटच्या पानावर डॉलरमध्ये ‘प्रोसेसिंग फी’ उगवते. लवकर हवं तर जादा. एवढं सगळं भरून झाल्यावर मागे कोण फिरतो? कार्ड लागतं, मेल येतो, प्रवासी निर्धास्त झोपतो.

मूळ फॉर्मला एक पैसा लागत नाही.

मालदीवचा फॉर्म म्हणजे तिथल्या इमिग्रेशनच्या ‘इमुगा’ पोर्टलवरचं ट्रॅव्हलर डिक्लरेशन. ते दोनदा भरायचं, येताना आणि परतताना, प्रत्येक वेळी उड्डाणाआधीच्या ९६ तासांत. इंडोनेशियात आधी कस्टम्सचं ई-सीडी, म्हणजे सामानाची ऑनलाइन घोषणा, वेगळं आणि आरोग्याचं वेगळं होतं. सप्टेंबर २०२५ पासून बालीच्या विमानतळावर इमिग्रेशन, कस्टम्स, आरोग्य आणि क्वारंटाइन (प्राणी-झाडांची तपासणी) हे सगळं ‘ऑल इंडोनेशिया’ या एकाच फॉर्ममध्ये आलं आहे. तो पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा. दोन्ही ठिकाणी शुल्क शून्य. तरीही ‘अरायव्हल कार्ड’ आणि ‘कस्टम्स डिक्लरेशन’ अशा दोन वस्तू वेगवेगळ्या किमतीला विकणाऱ्या साइट सापडतात, म्हणजे फुकटच्या एका फॉर्मचे दोनदा पैसे.

खोटेपणा ओळखायची पहिली खूण हे तासच आहेत. प्रवासाला दीड महिना असताना जी साइट तुमचा फॉर्म ‘स्वीकारते’, ती सरकारी असूच शकत नाही. ती फक्त तुमची माहिती घेऊन ठेवते. मुदत सुरू झाल्यावर पुढे कुणी ती खऱ्या पोर्टलवर टाकतो, कुणी टाकतच नाही.

दुसरी खूण पत्त्यात. पत्ता डावीकडून वाचायची सवय असते, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन रेघा सोडून, पहिली तिरकी रेघ येण्याआधीचा भाग घ्या आणि उजवीकडून मागे वाचा. मालदीवच्या सरकारी पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट एमव्ही’ असा होतो, इंडोनेशियाच्या पत्त्याचा ‘जीओ डॉट आयडी’. मध्ये टिंबच हवं. ‘इमुगा’ आणि ‘जीओव्ही’ हे शब्द आडव्या रेघांनी जोडून शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असेल, तर ते कुणीही विकत घेऊ शकेल असं नाव आहे. पत्त्यापुढचं कुलपाचं चिन्ह काहीच सिद्ध करत नाही. ते ठगालाही मिळतं.

गोंधळ वाढतो तो काही पैसे खरोखरच भरावे लागतात म्हणून. मालदीवला ३० दिवसांचा पर्यटक व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो. इंडोनेशियाच्या व्हिसा ऑन अरायव्हलला मात्र ५,००,००० रुपिया (तिथलं चलन) लागतात, आणि बालीची पर्यटक आकारणी १,५०,००० रुपिया आहे, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. हे दोन्ही सरकारी पोर्टलवर आधीच भरता येतात, आणि दोन्हींच्या नकला फिरतात. रक्कम रुपियात न दाखवता थेट डॉलरमध्ये आणि आकडा फुगवून आली, की तिथेच थांबा.

पैसे गेले हे दुखतं, पण त्यात मोठं नुकसान नाही. मोठं नुकसान ‘नाही’ या शब्दात आहे. तुमच्या वतीने फॉर्म भरणारा माणूस कस्टम्सच्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ निवडतो. औषधं? नाही. खाद्यपदार्थ, बिया, झाडं? नाही. मर्यादेबाहेर दारू-सिगारेट? नाही. १० कोटी रुपिया किंवा तितक्या किमतीचं परकी चलन? नाही. त्याने तुम्हाला विचारलेलंच नसतं. पण जाहीर केलेली माहिती तुमच्या नावावर असते, आणि बॅग उघडल्यावर खोटी घोषणा तुमची ठरते. ‘एजंटने भरलं’ हे त्या टेबलावर चालत नाही. बारीक चुकाही याच मार्गाने येतात. वाटेत विमान बदलायचं असेल तर माले (मालदीव) किंवा देनपसारला (बाली) उतरणाऱ्या शेवटच्या विमानाचा क्रमांक हवा असतो, इथे पहिल्याचा टाकलेला असतो. पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी ओ पडतो. फॉर्म भरल्यावर मिळणारा क्यूआर कोड एजंटच्या मेलवर जातो आणि तुम्ही रांगेत रिकाम्या हाताने उभे.

मालदीवसाठी आणखी एक फसवी खात्री विकली जाते: ड्यूटी-फ्रीची सीलबंद पिशवी असली की बाटली चालते. चालत नाही. दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे, पूजेच्या मूर्तींनाही. बाटली कस्टम्स ठेवून घेतं आणि परत जाताना देतं, त्यामुळे तिची पावती जपून ठेवा. रिसॉर्टमध्ये दारू मिळते म्हणून आणलेलीही चालेल, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, तर बोलूच नका. त्याची आयात १५ नोव्हेंबर २०२४ पासून बंद आहे, आणि वापरणं किंवा जवळ बाळगणंही त्यानंतर महिन्याभरातच बेकायदा झालं. १ जानेवारी २००७ला किंवा नंतर जन्मलेल्यांना नोव्हेंबर २०२५ पासून तंबाखूही वर्ज्य, पर्यटक असले तरी.

बालीत प्रौढ माणसामागे १ लिटर मद्य आणि २०० सिगारेट एवढी सूट आहे, वैयक्तिक सामानाला ५०० डॉलरपर्यंत. दुसऱ्या बाटलीची ‘ड्यूटी भरून देतो’ असं कुणी गणवेशासारखा शर्ट घालून सांगत आला, तर एवढं लक्षात ठेवा: मर्यादेबाहेरचं मद्य ड्यूटी भरून सुटत नाही, ते नष्ट केलं जातं. म्हणजे त्या माणसाने मागितलेले पैसे सरकारात जाणार नाहीत हे नक्की. खरी ड्यूटी लागली तर ती हातात रोख द्यायची नसते, सरकारी पावती मागायची.

तिथेच फोनची भीती दाखवली जाते. ‘आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) नोंदवला नाही तर फोन बंद पडेल, एवढे द्या, करून देतो.’ रोमिंगवर आपलंच सिम वापरणाऱ्याला नोंदणीची गरजच नाही. स्थानिक सिम घेणाऱ्या पर्यटकाला कंपनीच्या दुकानात पासपोर्ट दाखवून ९० दिवसांची मुभा मिळते. कस्टम्सकडची नोंदणी त्याहून जास्त काळ स्थानिक सिम वापरणाऱ्यांसाठी आहे.

औषधांचं खरं काम मात्र फॉर्म विकणारा कधीच सांगत नाही, कारण त्यात त्याला कमाई नाही. झोपेच्या, चिंतेवरच्या गोळ्या आणि कोडीन असलेली औषधं मूळ वेष्टनात ठेवा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह आणि रोजच्या मात्रेसह. नेताना मुक्कामापुरतंच. गांजापासून केलेलं काहीही इंडोनेशियात चालत नाही, सीबीडीचं तेलसुद्धा नाही, भले ते घेतलं त्या देशात कायदेशीर असो.

परतीच्या वाटेवरची फसवणूक दिसायला सुंदर असते. कासवाच्या कवचाची कंगवी, प्रवाळाचा तुकडा, नॉटिलस या समुद्री जीवाचा शंख, आणि त्यासोबत दुकानदाराने छापलेलं ‘सर्टिफिकेट’. समुद्री कासवं ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यांचा व्यापारी व्यवहार बंदच आहे. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, राक्षसी शिंपला आणि नॉटिलस दुसऱ्या परिशिष्टात. त्यांना, ती ज्या देशातून नेली जातात त्या देशाच्या सरकारी प्राधिकरणाचा निर्यात परवाना लागतो: प्राण्याचं शास्त्रीय नाव, नग, शिक्का, जास्तीत जास्त सहा महिन्यांची मुदत. दुकानाच्या लेटरहेडवरचा कागद म्हणजे फक्त बिल. मालदीवहून तर किनाऱ्यावरची वाळू आणि प्रवाळही नेऊ नये.

आणि कुणाचंही पाकीट नेऊ नका. हॉटेलात ओळख झालेल्या कुटुंबाचं नाही, ‘फक्त मसाला आहे’ म्हणणाऱ्याचंही नाही. इंडोनेशियात अमली पदार्थांच्या गुन्ह्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

फॉर्मचे पैसे गेलेच असतील तर आधी खऱ्या पोर्टलवर स्वतः नव्याने भरा आणि नवा क्यूआर कोड जवळ ठेवा. एजंटने दिलेला कोड चालेल या आशेवर निघू नका. मग कार्ड बंद करून बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार करा. यात एक अडचण येते: अशा साइटच्या तळाशी बारीक अक्षरात ‘आम्ही खासगी सेवा आहोत’ असं लिहिलेलं असतं आणि बँक त्यावर बोट ठेवते. म्हणून जाहिरात, पहिलं पान आणि पैसे भरायचं पान यांचे स्क्रीनशॉट लगेच काढा. ते बदलायला वेळ लागत नाही.

पासपोर्टची प्रत परत येत नाही. तुमचं विमान, तारीख आणि हॉटेल त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे प्रवासाच्या आसपास ‘कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या बॅगेत आक्षेपार्ह वस्तू सापडली, दंड भरा’ असा फोन आला तर त्यातली अचूक माहिती ऐकून गडबडू नका. ती तुम्हीच त्या पानावर भरली होती. बॅग तपासायची असली तर ती तुमच्यासमोर उघडली जाते, आणि दंड फोनवरून पाठवलेल्या लिंकवर मागितला जात नाही.