बरोसाची शिराझ : चव उत्तम, स्वस्ताई अजून वाटेतच

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका वाइन शॉपमधून दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याची शिराझ (याच नावाच्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन) आणली आणि दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीच्या शिराझशेजारी ठेवून, एकाच संध्याकाळी, सारख्याच पेल्यांतून चाखली. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे परदेशी वाइन स्वस्त झाल्याचे दुकानदाराने आवर्जून सांगितले होते. तरीही तिची किंमत दिंडोरीच्या बाटलीच्या जवळपास दुप्पट होती. दुकानाविषयी एकच तक्रार : पहिली बाटली उन्हाच्या काचेत उभी होती, ती नाकारून आतली मागावी लागली.

बरोसाच्या वाइनचा रंग गडद जांभळा, वास पिकलेल्या जांभळाचा आणि ओक पिंपाचा, लेबलावर अल्कोहोल १४.५ टक्के. ती जिभेवर रेंगाळते. दिंडोरीची हलकी, मिरीच्या वासाची आणि शेवटी किंचित तुरट; मटणाच्या रश्श्याबरोबर मला तीच अधिक रुचली. नुसती प्यायची असेल, तर बरोसा निःसंशय सरस आहे.

आता किमतीकडे. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या या करारानुसार किमान ५ अमेरिकी डॉलर आयात किमतीच्या बाटलीवरील शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले, तर १५ डॉलर किंवा त्याहून महाग बाटलीवरील ७५ टक्क्यांवर. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांवर उतरणार आहे. म्हणजे १५ डॉलरच्या बाटलीवर पूर्वी साडेबावीस डॉलर शुल्क पडे, ते एका दिवसात सव्वाअकरावर आले. पण त्यावर आयातदाराचे कमिशन, राज्याचा कर आणि दुकानदाराचा नफा चढतो, आणि ग्राहकापर्यंत पोहोचेतो या सवलतीतले थोडेच उरते.

५ डॉलरखालच्या बाटलीला सवलत नाही, ही तरतूद आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी शहाणपणाने राखली. दुग्धपदार्थ आणि गहूही करारातून वगळले. दरडोई उत्पन्नात वीस पटींहून पुढे असलेल्या देशाशी व्यवहार करताना अशी कुंपणे लागतातच. मात्र हे कुंपण नाशिकच्या स्वस्त बाटलीला राखते आणि महागड्या रिझर्व्ह बाटलीला उघड्यावर सोडते. २००१ च्या राज्य धोरणाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या आणि २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळवलेल्या इथल्या वायनऱ्या ज्या पायरीवर चढू पाहत आहेत, नेमक्या त्याच पायरीवर शुल्क सर्वांत वेगाने उतरते. त्यांना स्वस्त मालातच अडकवून ठेवणारी ही सुरक्षितता मला तरी फारशी सुखावह वाटत नाही.

उलट दिशेने काय मिळाले? ऑस्ट्रेलियाने भारतीय मालाला जवळजवळ सगळीच दारे शुल्काविना उघडली, हे ऐकायला मोठे वाटते, पण तिथले शुल्क मुळातच बहुतांशी ५ टक्क्यांच्या आसपास होते. कापड आणि चामड्याच्या व्यवसायात, जिथे नफा दोन-चार टक्क्यांवर फिरतो, तिथे हे ५ टक्के मोलाचे आहेत. वाइनचे तसे नाही : दिंडोरीच्या बाटलीचे सीमाशुल्क गेले तरी तिथला २९ टक्के वाइन कर देशी-परदेशी सर्वांनाच भरावा लागतो, आणि पुढे तिला बरोसाच्याच अंगणात बरोसाशी टक्कर द्यायची आहे.

या किमतीला ही बाटली मी पुन्हा घेणार नाही. शुल्क २५ टक्क्यांवर आल्यावर मात्र घेईन, आणि तेव्हा शेजारी दिंडोरीची रिझर्व्हच ठेवीन.