कंडेम लिहावं की डिप्लोर?

इंग्रजीत निषेधाचं निवेदन लिहायला बसलं की हे दोन शब्द हमखास आडवे येतात. शब्दकोशात दोन्हींपुढे तीव्र नापसंतीच दिसते, मग कानाला भारदस्त वाटेल तो उचलला जातो. तिथेच घोटाळा होतो.

कंडेम म्हणजे निवाडा. फाशीची शिक्षा झालेला कैदी असो की राहण्यास धोकादायक ठरवलेली इमारत, इंग्रजीत दोघांनाही हाच शब्द लागतो. एकदा तो लिहिला की ‘दोषी कोण’ हा प्रश्न तुम्ही निकाली काढलेला असतो. डिप्लोरचं मूळ लॅटिनमधल्या रडण्याच्या क्रियापदात आहे. त्यातही राग असतो, पण सूर ‘हे घडायला नको होतं’ असा. दोषी कोणीच नसला तरी तो चालतो: निधीची टंचाई डिप्लोर करता येते, कंडेम करायला मात्र टंचाईमागे कुणीतरी लागतो.

मुत्सद्द्यांना हा फरक पुरता ठाऊक असतो. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा मसुद्यातल्या कंडेमच्या जागी डिप्लोर घातला गेला. चीनने विरोधात मत देऊ नये, हा हिशेब होता. चीन तटस्थ राहिला. रशियाने नकाराधिकार वापरला तो वापरलाच. 2 मार्चला आमसभेत 141 मतांनी मंजूर झालेल्या ठरावातही आक्रमणासाठी डिप्लोरच आहे, फक्त ‘अत्यंत कठोर शब्दांत’ अशी जोड देऊन. गंमत म्हणजे त्याच ठरावाच्या प्रास्ताविकात रशियाच्या ‘विशेष लष्करी कारवाई’च्या घोषणेसाठी कंडेम आहे!

व्याकरणाचीही एक अडचण आहे. माणसाला कंडेम करता येतं. डिप्लोर सहसा कृतीला किंवा परिस्थितीला लागतो. ‘आम्ही संचालकांना डिप्लोर करतो’ हे इंग्रजीत कानाला खटकतं, ‘संचालकांच्या वागण्याला’ म्हटलं की जमतं.

हल्ला, मारहाण, धमकी असेल आणि करणारा माहीत असेल, तर मी बेधडक कंडेम लिहीन. तिथे डिप्लोर कचखाऊ वाटतो. चौकशी चालू असेल किंवा समोरच्याशी उद्या पुन्हा बोलायचं असेल, तर डिप्लोर बरा. विशेषण मात्र जपून वापरा: डिप्लोरेबल हे डिप्लोरपेक्षा बरंच जास्त झोंबतं.

आणि निवेदन वाचून दाखवणार असाल, तर कंडेमच्या (condemn) स्पेलिंगमधला शेवटचा ‘न’ उच्चारू नका. कंडेम्नेशनमध्ये तो ऐकू येतो.