आयुष्मान वय वंदना कार्ड: आत्याला वृद्धाश्रमातून घरी आणताना आलेला अनुभव

आमची आत्या ७८ वर्षांची, लग्न केलं नाही, गोव्यात बार्देशातल्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षं होती. मे महिन्यात बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आश्रमवाल्यांनी सांगितलं की अंथरुणावरचं माणूस आम्ही परत घेत नाही, म्हणजे ऑपरेशननंतर ती फोंड्याला आमच्याकडेच येणार हे त्याच दिवशी ठरलं. आमच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) तिचं नाव नाही, म्हणून वय वंदना कार्ड काढलं, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं म्हाताऱ्या माणसांसाठीचं मोफत उपचारांचं कार्ड.

कार्ड खरंच चांगलं आहे. वय ७० झालं की झालं, उत्पन्न विचारत नाहीत, बीपी शुगर आधीपासून आहे म्हणून अडवत नाहीत, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार (घरात ७० वरचे दोघं असले तर दोघांत मिळून ५ लाख). लागतं फक्त आधार, आणि आम्ही तिथेच अडकलो. तिच्या आधारला नंबर आश्रमाच्या ऑफिसचा! ओटीपी तिकडे जातोय आणि तिकडे कोणी फोन उचलत नाही. अंगठा लावला तर मशीन घेईना, काजूच्या फॅक्टरीत इतकी वर्षं काढली, बोटांवर रेषाच उरल्या नाहीत. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवायला कॉटवरच मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला, डोळे मिचकव म्हटलं, तर म्हणते, "बाबू, केस तरी विंचरू दे रे." तसं झालं एकदाचं.

ऑपरेशन, इम्प्लांट, कॉट, जेवण, एक पैसा घेतला नाही. डिस्चार्जला मात्र औषधं बाहेरून घ्या म्हणाले. योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले असतात, मी योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला फोन लावला, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतीला बसवलेला माणूस) गाठलं, मग मिळाली.

पण १६व्या दिवसापासून काहीच नाही हो. दिवसभराची बाई, एअर बेड, डायपर, घरी येणारा फिजिओ, सगळं आपल्या खिशातून, कारण कार्ड चालतं ते अ‍ॅडमिट असताना, ओपीडीलाही नाही. दयानंद योजनेचे (गोवा सरकारचं म्हाताऱ्यांना मिळणारं पेन्शन) महिन्याला २००० येतात ते डायपर आणि औषधांतच संपतात. मला याचंच फार वाईट वाटतं, उद्या व्यायाम न झाल्याने तिला बेडसोर झाले आणि परत अ‍ॅडमिट केलं तर तो खर्च कार्डावर होईल, पण ते होऊ नये म्हणून जो फिजिओ आठवड्यातून तीनदा येतो त्याला द्यायला काही सोय नाही. घरी आणलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी निदान पहिले तीन महिने तरी यात धरायला हवेत.

आणि तुमचं कोणी आश्रमात असेल तर चालतंफिरतं असतानाच आधार केंद्रावर नेऊन नंबर आपला घालून घ्या, कार्डही तेव्हाच काढा.