अलिबाग-रेवदंडा रस्त्यालगतची गवताची वखार : दोन वर्षांचा अनुभव

या वखारीतून मी गेली दोन वर्षे माझ्या दोन घोड्यांसाठी सुके गवत घेत आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांची घोडागाडी ओढणारी ही जनावरे आहेत आणि वाळूत चाक ओढणे डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी जड जाते. प्रत्येकाचे वजन तीनशे किलोच्या आसपास आहे, म्हणजे रोज निदान पाच-सहा किलो चांगले गवत प्रत्येकाच्या पोटात जायलाच हवे.

दिवाळीनंतर येणारा माल खरोखर उत्तम असतो. पवना आणि मारवेल हे गवत तुरे पूर्ण पिकण्याआधी कापलेले असल्यामुळे त्यात पाती भरपूर आणि जाड काड्या कमी असतात. मूठभर गवत पिळले तर ते लवचीक राहते, बोटांना टोचत नाही आणि त्याला चहाच्या पत्तीसारखा गोडसर वास येतो. वरची बाजू उन्हाने पिवळी पडली असेल तर मी त्याची फारशी चिंता करत नाही, कारण आतला हिरवेपणा टिकलेला असतो. कुसळी या टोकदार कुसळांच्या गवताचे प्रमाणही कमी असते. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिची कुसळे जिभेखाली आणि हिरड्यांत रुतली की घोडा खाणेच टाकतो.

मालक गासडीची दोरी सोडून दाखवायला कधी नकार देत नाहीत आणि वजनही समोरच्या काट्यावर करून देतात. भाताचा पेंढा स्वस्त पडेल का, असे मी एकदा विचारले, तेव्हा पेंढ्यात घोड्याचे पोषण होत नाही, तो गाईम्हशींना ठीक, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. स्वतःच्याच दुकानातल्या मालाबद्दल इतके स्पष्ट बोलणारा विक्रेता विरळा.

माझी तक्रार पावसाळ्यातल्या मालाबद्दल आहे. गेल्या जुलैत चार गासड्या आणल्या. बाहेरून त्या स्वच्छ दिसत होत्या आणि घाईत मी एकच उघडून पाहिली होती. घरी तिसरी सोडली, तेव्हा मधोमध हात घातल्यावर ऊब लागली आणि कुबट वास आला. मूठभर गवत काळ्या कापडावर झटकले तर पांढुरकी धूळ उडाली. ती बुरशी होती. त्याआधीच्या दोन दिवसांत घोडीला खोकला सुरू झाला होता, आणि त्याचे कारण मला आता कळले. गाईचे पोट काही प्रमाणात खराब वैरण सोसू शकते, पण घोड्याला ओकताही येत नाही. पोटात गेलेल्या खराब गवताने पोटशूळ होऊ शकतो. माझ्या घोडीवर ती वेळ आली नाही, डॉक्टरांच्या उपचारांनी आठवड्यात खोकला थांबला. मालकांनी गासडी बदलून दिली, पण तीन वेळा फेऱ्या मारल्यावर.

दोष गवताचा नव्हता, साठवणीचा होता. गासड्या थेट लादीवर, मागच्या भिंतीला टेकवून रचलेल्या होत्या. समुद्रावरची दमट हवा आणि पावसात लादीला सुटणारी ओल, यामुळे तळातली आणि भिंतीकडची रांग आतून गरम होत गेली असणार. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये येथून गवत घेऊ नये, असे माझे मत आहे. नाइलाजाने घ्यावेच लागले तर प्रत्येक गासडी मधून फोडून, हात कोपरापर्यंत घालून, वास घेऊन मगच घ्यावी. वरवरचा रंग पाहून मुळीच नाही. मी स्वतः आता मेअखेरीस तीन महिन्यांचे गवत येथूनच घेतो आणि घरच्या कोरड्या माळ्यावर, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून रचतो.

या दिवाळीला वखारीत गेलो, तेव्हा गासड्यांखाली लाकडी फळ्या दिसल्या. मागची भिंत मात्र अजून तशीच गासड्यांना चिकटलेली आहे.