पंखा भणभणतोय, उघडू काय? टास्क मॅनेजर, प्रोसेस एक्सप्लोरर, एचटॉप की बीटॉप

बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवणं) चाललाय, पंखा भणभणतोय, कर्सर अडखळतोय. मशीन कोण खातंय हे बघायला काय उघडायचं?

आधी आकड्यांची एक गंमत, कारण हिच्यापायी माझी अख्खी दुपार गेली होती. आठ लॉजिकल कोरच्या (सीपीयूच्या काम करणाऱ्या भागांच्या) मशीनवर एखाद्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, एक थ्रेड (त्यातला कामाचा एक धागा) अनंत लूपमध्ये अडकला, की लिनक्सवरचा एचटॉप त्या प्रोसेसपुढे 100 टक्के दाखवतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, डिटेल्स टॅबवर, तीच प्रोसेस 12-13 वर दिसते. एचटॉप एका कोरला 100 धरतो, टास्क मॅनेजर सगळे कोर मिळून. तेव्हा 12 दिसले म्हणून किरकोळ समजू नका.

विंडोजवर असाल तर टास्क मॅनेजर आहेच. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबलं की हजर. कोण तापवतंय एवढं कळायला पुरतो. पण 'फाइल वापरात आहे, डिलीट होणार नाही' असं आलं, की त्याचे हात टेकतात. तिथे प्रोसेस एक्सप्लोरर. सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं हे टूल 2006 पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. फुकट, आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. कंट्रोल+एफ दाबून फाइलचं नाव टाकायचं, ती धरून बसलेली प्रोसेस समोर येते. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा चोर घरचाच निघतो: आदल्या दिवशीच्या टर्मिनलमध्ये विसरलेला माझाच डेव्ह सर्व्हर (कोड चालवून बघायचा सर्व्हर). डेव्हलपरने विंडोजवर हे ठेवायलाच हवं, असं माझं ठाम मत.

लिनक्सवर मी एचटॉपच्या बाजूने. एफ5 ने प्रोसेसचं झाड दिसतं, म्हणजे कोणी कोणाला जन्म दिला ते कळतं. एफ9 ने तिथूनच मारता येतं. नवख्यांची एक फसगत मात्र ठरलेली: जावाची एकच प्रोसेस चाळीस ओळींत दिसते आणि प्रत्येक ओळीपुढे तीच मेमरी. त्या चाळीस प्रोसेस नसतात, थ्रेड असतात. शिफ्ट+एच दाबा, पसारा आवरतो.

बीटॉप हाही एचटॉपसारखाच, पण दिसायला देखणा. नेटवर्क, डिस्क, सीपीयू, सगळ्यांचे आलेख एका पडद्यावर, माऊसही चालतो. दुसऱ्या मॉनिटरवर दिवसभर उघडा ठेवायचा असेल तर हाच घ्या. फॉन्ट धड नसेल तर आलेखांच्या जागी चौकोन येतात. मग सेटिंगमध्ये आलेखाचं चिन्ह बदलायचं.

ग्लान्सेस हे आणखी एक असंच टूल, ब्राउझरमधून दुसऱ्या मशीनवर नजर ठेवायला बरा. पण वेब मोडला आपणहून पासवर्ड लावावा लागतो. तो न लावता उघड्या नेटवर्कवर चालू ठेवू नका.

मॅकवाल्यांना ॲक्टिव्हिटी मॉनिटर पुष्कळ. 'मेमरी प्रेशर'चा आलेख हिरवा असेल तर वापरलेल्या मेमरीच्या आकड्याकडे बघून घाबरायचं कारण नाही.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांना मात्र एका टूलवर भागत नाही. टास्क मॅनेजरला आतलं सगळं लिनक्स 'व्हीएममेम'ने सुरू होणाऱ्या नावाच्या एका ओळीत दिसतं, आणि आतल्या एचटॉपला बाहेरचं विंडोज दिसतच नाही. म्हणून दोन्ही उघडायचे. ती ओळ फुगतच चालली, तर डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीची मर्यादा लिहा आणि डब्ल्यूएसएल पूर्ण शटडाऊन करून पुन्हा चालू करा. नुसती टर्मिनलची खिडकी मिटवली, तर मर्यादा लगेच लागू होत नाही.