फेरेट लिहायचं की मुंगूस?

मुंगूस आडवं गेलं की काम होतं, असं आमच्याकडे मानतात. फेरेट, म्हणजे युरोपात शिकारीसाठी पाळतात तो छोटा प्राणी, आडवं आलं की मात्र भाषांतर अडतं. इंग्रजी उताऱ्यात हा प्राणी दिसला की दोन वाटा समोर असतात: शब्द तसाच ठेवायचा, नाहीतर 'मुंगूस' लिहून मोकळं व्हायचं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो, उतारे स्वतःच मराठीत करून देतो. दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, म्हणून लिहितोय. तुमचा वाचक वेगळा असेल तर हिशोब थोडा वेगळाही लागू शकतो.

मुंगसाची बाजू आधी, कारण पहिली दोन वर्षं मी तेच लिहिलं. अंग लांबुळकं, पाय आखूड, बिळात शिरायची खोड, उंदराशी वैर. एवढं जुळल्यावर आणखी काय हवं? पोरांना चित्र दाखवावं लागत नाही. धुऱ्यावरून शेपटी ओढत तुरीत घुसणारं मुंगूस सगळ्यांनी पाहिलेलं, आणि 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' असं त्याच्यामागे ओरडून झालेलं. माझ्याकडचा शब्दकोशही तिकडेच बोट दाखवत होता. कुळं वेगळी आहेत, फेरेट पाणमांजराच्या कुळातलं आणि मुंगूस स्वतंत्र कुळातलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वर्गात कुळ कोण विचारतो?

कुळ कोणी विचारलंच नाही. अडलं ते सशापाशी.

उतारा युरोपातल्या जुन्या शिकारीचा होता. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचं, आतले ससे घाबरून दुसऱ्या तोंडातून सुटतात आणि जाळ्यात अडकतात. मी 'मुंगूस' लिहून वाचून दाखवलं. मागून एक पोरगा म्हणाला, "सर, ससा कवापासून बिळात राह्याले लागला?"

हा पोरगा बापासोबत हरभऱ्यात जागलीला जाणारा. बॅटरीच्या उजेडात ससा कसा थिजतो, दिवसा गवतात नुसता खळगा करून कसा दबून बसतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. आपला ससा बीळ खणत नाही. त्याची पिल्लं उघड्यावरच जन्मतात, तीही डोळे उघडे घेऊन. बिळात वस्ती करतो तो युरोपातला ससा, आणि तो प्राणीच निराळा. मी हे समजावतोय तोवर दुसरा प्रश्न आला: "आन मुंगसानं साप सोडून सशाले काऊन धरलं?" मग मुंगूस माणसाचं ऐकतं का, ते घरी पाळता येतं का, असं सुरू झालं. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, मुंगूस पकडून पाळता येत नाही, हेही सांगावं लागलं. तास संपला. उताऱ्याच्या चार ओळी झाल्या होत्या.

मला खटकलं ते हे. 'मुंगूस' लिहिलं की सगळा देखावा आपल्या शिवारात येतो आणि वाचक प्रत्येक गोष्टीचा शिवारातला हिशोब मागतो. साप कुठे? बीळ कुठलं? यात वाचकाची चूक नाही. त्यानंतर मी 'फेरेट' लिहायला लागलो आणि तोच उतारा पुढच्या तुकडीला दिला. कोणी काही विचारलं नाही. प्राणी परका म्हटल्यावर त्याच्या मुलखातला ससा बिळात राहत असेल, एवढी सवलत पोरांनी आपोआप दिली. हे काही मोजमाप नव्हे, दोन तुकड्यांचा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. पंचतंत्रातलं मुंगूस पाळण्यातल्या बाळासाठी सापाशी लढतं आणि गैरसमजातून मारलं जातं. इमानदारीचं इतकं ओझं त्या शब्दावर आहे. फेरेट या नावाचं मूळ मात्र लॅटिनमधल्या 'चोर' या शब्दात आहे. अर्थ जवळपास 'चोरटं'. आणि शब्द उसना घ्यायला संकोच वाटत असेल तर एवढंच आठवा की इंग्रजीतला 'मंगूस' मूळचा आपलाच मुंगूस आहे. त्यांनी आपला प्राणी पाहिला आणि शब्दही उचलून नेला.

लहान मुलांची गोष्ट असेल आणि प्राणी एका ओळीपुरता येऊन जाणार असेल, तर मुंगूस चालून जातं, मी अडवणार नाही. पण अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटाबद्दल लिहीत असाल तर नको. ते नामशेष झालं असं मानलं जात होतं, आणि 1981 मध्ये वायोमिंगमध्ये एका पाळीव कुत्र्याने मारून आणलेल्या फेरेटामुळे पुन्हा सापडलं. उलट, 1872 मध्ये जमैकात उसातल्या उंदरांसाठी नेली ती खरोखरची मुंगसं, भारतातली. दोन्ही गोष्टी एकाच लेखात आल्या आणि दोन्हींना मुंगूस म्हटलं, तर वाचकाने काय करायचं?

प्राणी सोडून बाकीचे अर्थ फार छळत नाहीत. ब्रिटिशांच्या चिलखती गाडीचं ते नावच आहे, तिथे निवडायला काही नाही. दुसऱ्या महायुद्धात कैदी ज्यांना फेरेट म्हणत, ते छावणीत भुयारं हुडकत फिरणारे जर्मन पहारेकरी. तिथे शब्द ठेवून अर्धं वाक्य खुलासा द्यावा. कागदपत्रं बांधायच्या अरुंद फितीलाही फेरेट म्हणतात, पण त्याचं मूळ इटालियन 'छोटी फुलं', चोराशी संबंध नाही. फीत लिहा आणि पुढे चला. इंग्रजीत 'फेरेट आउट' असं क्रियापदही आहे, म्हणजे दडलेलं शोधून काढणं. त्याला दोन्ही प्राणी नकोत. 'छडा लावणे' पोलिसी वाटतं, 'उकरून काढणे' म्हटलं की जुनं भांडण आठवतं. मी 'धुंडून काढणे' वापरतो. तलाठ्याकडच्या दप्तरातून आजोबांच्या वेळचा फेरफार धुंडून काढलेल्या माणसाला त्यातली धूळही कळते.

'फेरेट'ची एक अडचण कबूल केली पाहिजे. वर्ग आमच्या ओसरीवर भरतो. शेजारचे काका खाटेवर पडून ऐकत असतात. परवा पोरं एका सुरात वाचत होती, "फेरेट आत गेलं, फेरेट बाहेर आलं." काका उठून बसले.

"फेर रेट बदलला? कापसाचा? कितीवर गेला मास्तर?"